बाबा बेरीज तपासतात, पण 'चार' म्हणता येत नाही

ताई,
मी ३१ वर्षांची, हिशेब तपासणीच्या कामात आहे. दीड वर्षापूर्वी बाबांना स्ट्रोक झाला. चालणं-फिरणं बरंच सुधारलं, बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, वाचाघात. समोर पेन दिसतं, हातात घेऊन सहीही करतात, पण 'पेन' म्हणता येत नाही. आणि मी घरी आणलेल्या कागदांत बेरीज चुकली असेल तर नेमकं बोट ठेवतात! 'चार' म्हणायचं असेल तर एक, दोन, तीन करत चारवर येऊन थांबतात. जुनी गाणी शब्दांसकट गातात. चिडले की शिवी अगदी स्पष्ट येते.
हे सगळं काय आहे म्हणून वाचायला लागले, तेव्हा कळलं की मनाचा अभ्यास करणारी कॉग्निटिव्ह सायन्स नावाची शाखा आहे. तिच्यात मानसशास्त्र, भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान, कॉम्प्युटर, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र असं सगळंच येतं. यादी बघून धडकी भरली. हे शास्त्र आहे की खिचडी? मी यातलं काहीच शिकलेले नाही. सुरुवात कुठून करू? गणित, प्रोग्रॅमिंग लागतं का? या वयात उशीर झालाय का? आणि बाबांना याचा काही उपयोग होईल का?
— कृपया नाव छापू नका

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे थांबू शकतात, तो थांबू शकत नाही. बाबांना उपयोग होईल तो स्पीच थेरपिस्टचा, तुझ्या वाचनाचा नाही. मनाचा अभ्यास वेगळा आणि वाचेवरचा उपचार वेगळा. एक शिकलं की दुसरं येतं असं नाही. 'दीड वर्ष झालं, आता यायचं तेवढं आलं' असं कुणी सांगितलं असेल तर तेवढ्यावर गप्प बसू नकोस. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते हे खरं, पण पुढे ती थांबतेच असं नाही. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतला एक अभ्यास छापून आला. स्ट्रोकला सहा महिन्यांच्या वर काळ लोटलेल्या, वाचाघात असलेल्या दीडशेहून थोड्या जास्त माणसांवर तो झाला होता. त्यांना किमान तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली, तेव्हा रोजच्या व्यवहारातलं बोलणं मोजता येईल इतकं सुधारलं. ज्यांना आधी थांबवून ठेवलं होतं, त्यांच्यात त्या थांबण्याच्या काळात फरक पडला नाही. म्हणजे आठवड्यातून एकदा अर्धा तास नव्हे, दहा तास. थेरपिस्टशी बोलताना हा आकडा डोक्यात असू दे.

आता तुझ्या खिचडीकडे वळू.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रात, विशेषतः अमेरिकेत, वर्तनवाद्यांचं राज्य होतं. १९१३ मध्ये जॉन वॉटसनने ठणकावून सांगितलं की बाहेरून दिसतं तेवढंच मोजा. आत काय चाललंय हा शास्त्राचा प्रश्नच नाही. पुढची काही दशकं 'मन' हा शब्द तोंडातून काढायला शास्त्रज्ञ कचरत होते. मग १९५६ च्या सप्टेंबरमध्ये एमआयटीत माहितीशास्त्रावर एक परिषद भरली. ११ तारखेला ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्राची प्रमेयं सिद्ध करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल सांगितलं. नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या व्याकरणाची गणिती चिकित्सा मांडली. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी आपली तात्पुरती स्मृती सातेक गोष्टींच्या पुढे का दमते, यावर बोलणं केलं. चौघांची शिक्षणं वेगळी, पण चौघंही आत काय घडतं याबद्दल बोलत होते, आणि तेही काटेकोरपणे. मिलर पुढे म्हणत की या शाखेचा जन्मदिवस कुणी विचारला तर मी ही तारीख सांगेन.

१९७७ मध्ये 'कॉग्निटिव्ह सायन्स' याच नावाचं नियतकालिक निघालं, १९७९ मध्ये संस्था झाली. मधल्या वर्षी, १९७८ मध्ये, स्लोन फाउंडेशनसाठी एक अहवाल तयार झाला. त्यात एक षटकोन काढला होता, सहा कोपऱ्यांवर सहा विषय आणि एकमेकांशी जोडणाऱ्या रेषा. तू वाचलेली यादी त्या षटकोनातूनच उतरत आली आहे.

पुढे काय झालं? २०१९ मध्ये राफाएल नुन्येझ आणि सहकाऱ्यांनी एका लेखात हिशेब मांडला. या शाखेच्या नियतकालिकात कोण लिहितं, विद्यापीठांत शिकवणाऱ्यांच्या पीएचड्या कोणत्या विषयातल्या, अभ्यासक्रमांत काय आहे, हे त्यांनी तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की सहा विषयांचं मिळून एक शास्त्र होईल ही आशा फळाला आली नाही. मानसशास्त्राने बरीच जागा व्यापली आणि मानवशास्त्र जवळजवळ बाहेर पडलं. यावर बरीच वादावादी झाली. मला विचारशील तर एक शास्त्र झालं नाही म्हणून फारसं बिघडलेलं नाही. प्रश्न एक असला आणि तो सोडवायला वेगवेगळी हत्यारं घेतलेली माणसं एकमेकांच्या चुका काढत असली, की तेवढं पुरे. इथे हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगायचा मोह बहुतेकांना होतो. मला ती या कामी लबाड वाटते. त्या गोष्टीत हत्ती आहे हे सांगणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. मनाच्या बाबतीत सोंड आणि शेपूट एकाच प्राण्याची आहेत की नाही, हेच तर शोधायचं आहे.

म्हणून विषयांची यादी पाठ करू नकोस. तुझ्याकडे प्रश्न आहे, आणि तो बहुतेक विद्यार्थ्यांना मिळतो त्याहून चांगला आहे: हिशेबातली चूक ज्याला दिसते, गाणं ज्याला येतं, त्याला 'चार' म्हणायला एकपासून का निघावं लागतं? हा एवढा प्रश्न हातात धर आणि कोण काय म्हणतं ते बघ.

पहिला मान मेंदूवाल्यांचा. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा माणूस शस्त्रक्रियातज्ज्ञ पॉल ब्रोका यांच्यासमोर आला. वर्षानुवर्षं तो फक्त 'तां' एवढाच उच्चार करत असे, बहुधा दोनदा, 'तां तां'. समजायचं मात्र त्याला बरंच. आणि तुझ्या बाबांसारखंच, संताप झाला की देवाच्या नावाने एक सणसणीत शिवी बाहेर पडायची. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोका यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र संस्थेपुढे ठेवला आणि डाव्या बाजूला, पुढच्या भागात झालेली इजा दाखवली. मेंदूविज्ञानाचा हा गाजलेला क्षण मानवशास्त्रज्ञांच्या बैठकीत घडला, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला: बोलणं धो धो वाहतं, पण त्याला अर्थ नसतो आणि ऐकलेलं कळत नाही.

यावरून पाठ्यपुस्तकांत एक सोपं चित्र तयार झालं. पुढे बोलण्याचा भाग, मागे समजण्याचा. या चित्रावर फार विसंबू नकोस. लबोर्न्यचा मेंदू जपून ठेवलेला होता. २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी तो एमआरआयखाली घातला, तेव्हा दिसलं की इजा ब्रोका यांना वरून दिसली त्याहून खूप खोल होती, निरनिराळे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली. म्हणजे 'वाचेचं केंद्र' म्हणून ज्या जागेला नाव मिळालं, बिघाड त्या एकट्या जागेपुरता नव्हताच.

मग शिवी आणि मोजणी कशी वाचली? ब्रोका यांच्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडमधले ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी एक भेद केला, तो आजही कामाचा आहे. एक बोलणं आपोआप येणारं: शिव्या, आकड्यांची माळ, वारांची नावं, नमस्कार-चमत्कार. दुसरं जुळवून केलेलं, ज्यात आत्ता, या क्षणी, एक विशिष्ट गोष्ट सांगायची असते. बाबांचं दुसरं गेलं आहे, पहिलं राहिलं आहे. ते काय करतात बघ: जुळवता येत नाही म्हणून माळेवर चढतात आणि हव्या त्या मण्याशी उतरतात. 'थांबायचं कुठे' हे त्यांना बरोबर माहीत असतं, म्हणजे चार हा आकडा आत शाबूत आहे. त्याच्या नावापर्यंत सरळ जाता येत नाही, एवढंच.

गाण्याबद्दल एक सावधगिरी. गाणं उजव्या मेंदूतून येतं म्हणून वाचतं, असं तुला जागोजागी वाचायला मिळेल. २०११ मध्ये बेंजामिन श्टाल यांच्या गटाने चाल, ताल आणि शब्दांची ओळख वेगवेगळी करून वाचाघात असलेल्यांवर तपासली. चालीपेक्षा ताल आणि तोंडात बसलेले शब्द यांचाच हातभार मोठा निघाला. म्हणजे गाणंसुद्धा बरंचसं त्या माळेच्याच जातीचं. पाठ असलेलं गाणं म्हणतात त्याच चालीवर नवं वाक्य म्हणता येतं का, हे बाबांच्या कलाने एकदा बघ.

मानसशास्त्रज्ञांचं इथलं काम शांत आणि चिवट आहे. धडधाकट माणसाला चित्र दाखवलं की नाव ओठांवर यायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वस्तू ओळखणं, अर्थाला पोचणं, शब्द निवडणं, त्याचे आवाज जुळवणं, जीभ-ओठ हलवणं इतके टप्पे होतात. आपल्यालाही 'अरे, काय त्याचं नाव...' होतं तेव्हा शब्द निवडलेला असतो, आवाज सापडत नसतात. पहिलं अक्षर कधीकधी आठवतंसुद्धा. बाबांना 'पे' एवढंच पुरवून बघ. 'पेन' आलं, तर अडलेली जागा अर्थात नाही, आवाजांकडे जाण्याच्या वाटेवर आहे. एका अक्षराच्या मदतीतून एवढं कळतं!

भाषाशास्त्रज्ञांपाशी मी जरा जास्त थांबणार आहे. वाचाघात झालेल्या ज्यांचं बोलणं तुटक होतं, त्यांना समजतं सगळं, अशी बराच काळ समजूत होती. १९७६ मध्ये आल्फोन्सो कॅरामाझ्झा आणि एडगर झुरिफ यांनी एक साधी युक्ती केली. 'मुलगा खातोय ते सफरचंद लाल आहे' अशा वाक्याचं योग्य चित्र या लोकांना निवडता येत होतं. 'ज्या मुलाला मुलगी ढकलतेय तो मुलगा उंच आहे' या धर्तीच्या वाक्यांत मात्र ते अंदाजपंचे बोट ठेवत होते. कारण उघड आहे. सफरचंद मुलाला खात नाही, तिथे व्याकरण नसलं तरी चालतं. मुलगा मुलीला ढकलू शकतो आणि मुलगी मुलालाही. तिथे व्याकरणानेच निवाडा करायचा असतो. तर मग व्याकरणच गेलं म्हणायचं? लोकांनी तसं म्हणायला सुरुवात केली, आणि १९८३ मध्ये मार्सिया लाइनबार्गर, मर्ना श्वार्ट्झ आणि एलिनॉर सॅफ्रन यांनी तशाच रुग्णांना वाक्यं ऐकवून फक्त 'बरोबर की चूक' विचारलं. व्याकरणाच्या चुका त्यांनी चांगल्या पकडल्या! म्हणजे नियम आत आहेत, वाक्य चालू असताना ते कामाला लावताना घोळ होतो. माहीत असणं आणि वापरता येणं यांत एवढं अंतर असू शकतं, हे मेंदूचं चित्र काढून कळलं नसतं. त्यासाठी नेमकं वाक्य रचावं लागलं.

आणखी एक. यातला ढीगभर अभ्यास इंग्रजीवर झाला. इंग्रजी बोलणारे असे रुग्ण प्रत्यय गाळतात, त्यामुळे प्रत्यय गळणं हेच या आजाराचं लक्षण असं वाटलं. हिब्रूत शब्दाचा सांगाडा व्यंजनांचा असतो, प्रत्ययांचे स्वर काढले तर उच्चारायला काही उरतच नाही. तिथले रुग्ण गाळत नाहीत, चुकीचा प्रत्यय लावतात. एका भाषेवरून माणसाच्या मनाबद्दल बोलायला निघालं की असं होतं. तू तर मराठीत ऐकते आहेस, जिथे 'ने' आणि 'ला' यांच्यावर सगळं वाक्य उभं असतं. बाबा ते गाळतात की बदलतात, याकडे लक्ष दे. मराठीतल्या अशा नोंदी कुणाच्याही कामाच्या आहेत.

कॉम्प्युटरवाले या घरात काय करतात, असा प्रश्न तुला पडला असेल. ते मेंदू तोडून बघतात, अर्थात खोटा. १९९१ मध्ये जेफ्री हिंटन आणि टिम शॅलिस यांनी लिहिलेल्या शब्दावरून अर्थाकडे जाणारं एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यासारखा प्रोग्रॅम, शिकवून तयार केलं आणि मग त्यातले दुवे जागोजागी तोडले. मेंदूला इजा झालेले काही लोक वाचताना दोन तऱ्हेच्या चुका करतात: कधी अर्थाने जवळचा शब्द वाचतात, कधी अक्षरांनी जवळचा. दोन तऱ्हा म्हणजे दोन ठिकाणी बिघाड, असं समजणं सोपं होतं. नेटवर्कमध्ये दुवे कुठेही तोडले तरी दोन्ही तऱ्हेच्या चुका येत राहिल्या. चुकीवरून बिघाडाची जागा सांगणाऱ्यांना हा मोठा धक्का होता. तू हिशेब तपासतेस, तुला हे चटकन कळेल: ताळेबंद जुळत नाही एवढ्यावरून चूक कोणत्या पानावर आहे ते सांगता येत नाही.

आता तुझ्या पत्रातलं सगळ्यात चक्रावणारं वाक्य: बाबा बेरजेतल्या चुकीवर बोट ठेवतात. शब्द नसताना विचार कशात चालतो? तत्त्वज्ञांत यावर जुना तंटा आहे. १९७५ हे एकच वर्ष घे. जेरी फोडर यांनी मांडलं की विचाराची स्वतःची एक आतली भाषा असते, बोलीभाषा तिच्यावर नंतर चढते. त्याच वर्षी डोनाल्ड डेव्हिडसन यांनी जवळपास उलट सांगितलं: दुसऱ्याच्या बोलण्याचा अर्थ लावता येत नाही त्याच्याकडे विचार आहे असं म्हणताच येत नाही. यात मग प्रयोगवाले उतरले. २००५ मध्ये रोझमेरी व्हार्ली यांच्या गटाने व्याकरण जबर बिघडलेल्या तीन पुरुषांना गणितं घातली. कुणी कुणाला मारलं, हे वाक्यावरून सांगता न येणाऱ्या या माणसांनी आकडे उलटे केले की उत्तर बदलणाऱ्या वजाबाक्या केल्या, कंससुद्धा सोडवले. २०२४ मध्ये एव्हेलिना फेडोरेंको, स्टीव्हन पियांटाडोसी आणि एडवर्ड गिब्सन यांनी अशा सगळ्या पुराव्याच्या आधारे 'नेचर'मध्ये मांडलं की भाषा मुख्यतः सांगण्यासाठी आहे, विचार करण्यासाठी नाही.

झालं तर मग, तत्त्वज्ञांची सुट्टी? नाही. ही सगळी माणसं स्ट्रोकच्या आधी आयुष्यभर भाषेत वावरली होती, बेरीज भाषेतूनच शिकली होती. आज भाषेशिवाय गणित चालतं, यावरून ते भाषेशिवाय उभं राहिलं असतं असं सिद्ध होत नाही. या प्रयोगातून नेमकं काय निघतं आणि काय निघत नाही, हे सांगणारं माणूस तिथे लागतंच. चांगला तत्त्वज्ञ हेच करतो. वाईट तत्त्वज्ञ मात्र तुझे महिने खाईल, म्हणून सुरुवात तिथून करू नकोस.

राहिलं मानवशास्त्र, षटकोनातून बाहेर पडलेलं. चार्ल्स गुडविन यांनी 'चिल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वकिलाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. डाव्या मेंदूत स्ट्रोक झाल्यावर चिलकडे तीनच शब्द उरले: हो, नाही, आणि. गुडविन यांनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं नाही, घरच्या लोकांत बोलताना व्हिडिओ घेतला आणि तो पुन्हा पुन्हा, सेकंदासेकंदाने पाहिला. तीन शब्दांचा हा माणूस घरात पक्का बोलका होता. 'नाही'चा सूर बदलून तो वेगवेगळं म्हणायचा, हात दाखवायचा, समोरचे अंदाज सांगायचे, तो फेटाळायचा, जवळ आले की सुराने पुढे ढकलायचा, नेमकं सापडलं की 'हो!'. पूर्ण वाक्य कुणा एकाच्या तोंडून निघतच नव्हतं, पण वाक्य तयार होत होतं आणि त्याचा मालक चिल होता. चाचणीच्या टेबलावर याच माणसाला जवळपास शून्य गुण पडले असते. चिल हे गुडविन यांचे वडील होते.

आता सांग, चिलचं मन मोजायचं तर मोजपट्टी कुठे लावायची? कवटीपाशी थांबायचं की खोलीभर फिरायचं? या शाखेत यावर अजून मारामारी चालू आहे आणि मी खोलीवाल्यांच्या बाजूला झुकलेली आहे, हे लपवत नाही.

दोन गोष्टींपासून जपून राहा. पहिली, रंगीत मेंदूची चित्रं. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या यंत्रात, ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितल्या. नेहमीची एक संख्याशास्त्रीय दुरुस्ती न करता हिशेब केला तर माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली! हजारो ठिपके एकाच वेळी तपासले की काही ठिपके निव्वळ योगायोगाने उजळतात, हे दाखवायचं होतं. दुसरी, एकेकटे चमकदार प्रयोग. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पहिल्यासारखा ठोस निकाल आला. म्हणून कुठलाही निष्कर्ष वाचलास की तो दुसऱ्या कुणाला मिळाला का, हे आधी बघ. मी वर सांगितलेल्यांनाही हाच नियम लाव.

याच कारणाने तुझ्या गणिताच्या प्रश्नाचं उत्तर: संख्याशास्त्र हवं, आणि ते तुला जमेल. आकड्यांवर संशय घ्यायची तुझी सवय या क्षेत्रात आलेल्या अनेकांना वर्षभर खपून लावून घ्यावी लागते. प्रोग्रॅमिंग थोडं लागेल, पायथनची तोंडओळख पुरेशी आहे. पण ती आज नको, मोजायला काही जमलं की शिक. नुसतं शिकून ठेवलेलं प्रोग्रॅमिंग विसरायला होतं.

आज काय करायचं? एक वही घे आणि बाबांना विचार. वहीत त्यांचं बोलणं लिहिणार आहेस हे त्यांना कळू दे. 'नाही' म्हणाले, मानेनेही म्हणाले, तर वही बंद. हो म्हणाले तर अडलेला प्रत्येक शब्द असा लिही: काय म्हणायचं होतं, काय आलं, शेवटी कशाने सुटलं. 'पेन'च्या जागी 'वही' आलं तर ती अर्थाजवळची चूक, 'पेल' आलं तर आवाजाजवळची. पहिलं अक्षर दिल्याने सुटलं, मोजत गेल्याने, हाताने दाखवल्याने, की तू नुसती थांबलीस म्हणून? थांबलीस किती वेळ, तेही लिही. घरचे लोक फार लवकर शब्द पुरवतात. काही आठवडे भरलेली ही वही थेरपिस्टलाही दाखव, तिला तपासणीच्या तासात हे दिसत नाही. मात्र यातून स्वतः निदान करायला जाऊ नकोस.

सोबत वाचायला सुरुवात कर, पण दोनच विषय: भाषाशास्त्राची ओळख आणि मानसशास्त्रातले वाचाघातावरचे प्रयोग. मेंदूची रचना तिसरी. लॅटिन नावांची यादी आधी पाठ करायला बसलीस तर कंटाळून सोडशील. शोधनिबंध उघडलास की सारांशावर विसंबू नकोस. पद्धतीचा भाग आधी वाच: किती माणसं, कोण, त्यांना नेमकं काय करायला लावलं. तुझा पहिला पेपर कळायला फार वेळ लागेल, त्याने खचू नकोस.

उशिराचं काय? हर्बर्ट सायमन यांची पीएचडी राज्यशास्त्रातली, नोबेल १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं, आणि मधल्या काळात त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घातला. हिंटन यांची पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची, २०२४ चं नोबेल भौतिकशास्त्राचं. इथे सरळ दारातून आलेली माणसं मुळातच कमी. पण एक सांगते: या सगळ्यांचा एक विषय पक्का होता, बाकीच्यांत ते पाहुण्यासारखे गेले. सहा विषय थोडे थोडे येणाऱ्या माणसाला सहाही ठिकाणी कुणी कामाला घेत नाही. तुझा पक्का विषय कोणता, हे वही आणि वाचन चार-सहा महिने चालल्यावर तुलाच दिसेल. वाक्यांत रमलीस तर भाषाशास्त्र, चुकांच्या हिशेबात रमलीस तर प्रायोगिक मानसशास्त्र. बाबांना बोलतं करण्यातच सगळं लक्ष लागलं तर सरळ स्पीच थेरपीचं शिक्षण घे. तिथल्या माणसांची गरज फार मोठी आहे आणि त्या कामाला कमी लेखायचं काही कारण नाही.

तोवर नोकरी सोडू नकोस. पदवीसाठी अर्ज करायची वेळ आली की माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर जाऊ नकोस, त्या विभागातल्या दोन-तीन शिक्षकांचे अलीकडचे शोधनिबंध काढ आणि सहलेखकांची नावं बघ. ते दुसऱ्या विभागांतले असतील तर तिथे खरंच येणं-जाणं आहे. सगळे एकाच विभागातले असतील तर दारावरच्या 'आंतरविद्याशाखीय' पाटीकडे दुर्लक्ष कर आणि तिथे तुझा एक पक्का विषय नीट शिकवतात का, तेवढंच विचार.